तळ्याचे पाणी आणि ढिवराचा हक्क



नवेगाव बांधचे नाव निघाले की सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे हिवाळी पक्षी, वनविश्रामगृह आणि मारुती चितमपल्लींचे लेखन उभे राहते. ते स्वाभाविक आहे. परंतु हे सरोवर निसर्गाची देणगी नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने डोंगरांमधील वाट अडवून ते बांधविले. सुमारे 11 चौरस किलोमीटरचा हा जलाशय म्हणजे मानवी श्रमाचे फळ होय. भोवतीच्या शिखरांना लोक सातबहिणी म्हणतात आणि बांधणाऱ्या कोलूला त्यांनी कोलासुर म्हणून देवत्व दिले. पाळीवर माती टाकणाऱ्यांची नावे मात्र कोणी राखली नाहीत. इतिहासाची ही जुनी खोड आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातील अशा हजारो तलावांवर दोन समाज जगले. कोहळ्याने पाणी अडवून धान आणि ऊस पिकविला. ढिवराने त्याच पाण्यात जाळे टाकले, शिंगाडा लावला. मालगुजार तलावाचा धनी असला, तरी निस्ताराच्या वहिवाटीला गावात मान होता. 1950 च्या मध्य प्रदेशातील कायद्याने मालगुजारी गेली, हे उचितच झाले. परंतु जमीन कसणाऱ्याची हे तत्त्व मान्य करणाऱ्या आपण, तलाव कोणाचा, हा प्रश्न विचारलाच नाही. तलाव सरकारजमा झाले. सिंचनाची आकारणी झाली, दुरुस्तीची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही आणि मासळी लिलावाची वस्तू बनली.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असे काही आहे. मरळ, मागूर हे देशी मासे तलावातच अंडी घालतात. त्यांचे बी विकत घ्यावे लागत नाही. रोहू, कटला, मृगळ यांना वाहते पाणी लागते, साचलेल्या पाण्यात ते सहसा विणत नाहीत. म्हणून त्यांचे बोटुकले दरवर्षी विकत आणावे लागते. उत्पन्नवाढीच्या नावाखाली हेच मासे तलावांत आले. बियाण्याला भांडवल हवे, भांडवलासाठी कर्ज हवे, आणि ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे ते नसले की संस्थेच्या नावामागे ठेकेदार उभा राहतो. कागदावर संस्था, पाण्यात ठेकेदार! मालगुजार गेला, त्याची गादी रिकामी राहिली नाही. त्यातच गवत्या माशाने पाणवनस्पती खाल्ल्या आणि काठावर बेशरम माजली. देशी माशाचा आसराच नाहीसा झाला.

हे अटळ होते काय? नाही. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्याने ढिवरांनी, विशेषतः ढिवर स्त्रियांनी, बेशरम उपटून, पावसाळ्यापूर्वी तलावाचा तळ नांगरून पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्या तलावांत देशी मासे परतले, पक्षीही परतले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला हवी, हे ज्ञान त्यांच्यापाशी होतेच. ते विचारावे असे खात्याला वाटले नव्हते, इतकेच.

दुसरी बाजू जंगलाची. 1975 साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. वाघाला आमचा विरोध नाही. परंतु संरक्षणाची किंमत कोण मोजतो, हे सांगितले पाहिजे. 2006 चा वनहक्क कायदा मासे व जलाशयातील अन्य उत्पादनांवरील सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य करतो. मात्र ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत. त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ही मर्यादा 1930 पर्यंत जाते. ते वर्ष पाहिलेला म्हातारा आता कोठून आणावा?

कायद्याच्या नियमांत जुनी निस्तारपत्रके पुरावा म्हणून चालतात, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात. तेव्हा वनहद्दीतील प्रत्येक तलावामागे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढणे, ढिवर मोहल्ल्यांत बसून जबाब लिहून घेणे आणि ग्रामसभेचा ठराव करून घेणे, एवढे काम कार्यकर्त्यांनी या उन्हाळ्यातच हाती घ्यावे. तलाव आटलेले असतात, जाळी खुंटीला असतात. लोक घरी भेटतात.