सेनानी सगतसिंह



लेफ्टनंट जनरल सगतसिंहांविषयी चार शब्द बोलते. १९६१ साली गोव्यात त्यांच्या पॅराशूट ब्रिगेडकडे दुय्यम काम होते. पण पणजीत पहिली तीच पोहोचली. १९७१ च्या डिसेंबरात मेघनेवरचा पूल शत्रूने उडवला, तेव्हा यांनी हेलिकॉप्टरांतून फौज पलीकडे उतरवली. हुकूम नदीपर्यंतचाच होता! घरात कोणी असे वागले तर आपण त्याला आगाऊच म्हणू.

मला विचाराल तर १९६५ सालची गोष्ट याहून मोठी. वरून सांगणे आले तरी त्यांनी नथू ला खिंड सोडली नाही. शेजारची जेलेप ला सोडली, ती चिन्यांनी घेतली. नथू ला गेली असती तर सारा दोष या एकट्याच्या माथी आला असता. १९६७ साली चिनी तिथेच चालून आले, आणि खिंड आपलीच राहिली.

सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. शौर्यपदक मात्र नाही. २००१ साली ते वारले.