स्वयंसेवकांनी शिवलेली गोधडी



मुंबईत नळ उघडणाऱ्या माणसाला ते पाणी कोठून आले याचे भान सहसा नसते. भातसानगरला मात्र ते सांगावे लागत नाही. येथील धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि महानगराची जवळजवळ निम्मी तहान भागवते. धरण उशाशी असूनही शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे तर त्याहूनही कमी लोकांना ठाऊक असते. ज्याच्या आधारावर सारे चालते, ते डोळ्यांआड राहते. इंटरनेटच्या जगातही असेच एक उदाहरण आहे. त्याचे नाव 'अपाचे'.

सातबाराचा उतारा असो वा परीक्षेचा निकाल, संगणकावर संकेतस्थळाचा पत्ता टाकला की ती मागणी दूरच्या एका संगणकाकडे जाते. तेथील आज्ञावली हवे ते पान शोधून परत पाठवते. या आज्ञावलीला वेब सर्व्हर म्हणतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणक केंद्रात रॉब मॅककूल या तरुणाने अशी एक आज्ञावली लिहिली होती व ती सर्वांना खुली होती. १९९४ मध्ये तो तेथून बाहेर पडला आणि तिचे काम थंडावले. वापरणारे पुष्कळ, पण दुरुस्त करणारा कोणी नाही, अशी अवस्था झाली.

अशा वेळी सामान्य माणूस तक्रार करतो आणि थांबतो. येथे तसे झाले नाही. आपापल्या कामापुरत्या दुरुस्त्या अनेकांनी केल्याच होत्या. ब्रायन बेहलेनडॉर्फ, रॉय फील्डिंग आदी आठ जणांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये ती ठिगळे एकत्र जोडण्याचे ठरवले. घरातल्या जुन्या लुगड्यांची गोधडी व्हावी, तसे हे काम होते. परंतु नुसत्या ठिगळांवर भागणार नाही हे ध्यानी येताच रॉबर्ट थाऊ याने आतली रचनाच नव्याने बांधली. १ डिसेंबर १९९५ रोजी पहिली पूर्ण आवृत्ती निघाली आणि एप्रिल १९९६ पर्यंत अपाचे जगात सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला. २००९ मध्ये त्यावर चालणाऱ्या संकेतस्थळांनी दहा कोटींचा टप्पा ओलांडला. आज एन्जिनएक्ससारख्या नव्या आज्ञावलींनी त्याला मागे टाकले आहे. पण त्याही मुक्त परंपरेतूनच आल्या आहेत.

हे साधले कशामुळे? केवळ औदार्यामुळे नव्हे, तर शिस्तीमुळे. अपाचेत निर्णयाचा अधिकार कामातून मिळतो. जो सातत्याने काम करतो, त्याला सहकारी मताचा अधिकार देतात. आज्ञावलीतील बदलाला एकाही अधिकारी सदस्याने विरोध केला तर तो बदल अडतो; मात्र विरोधाचे तांत्रिक कारण द्यावेच लागते. १९९८ मध्ये आयबीएमसारखी बलाढ्य कंपनी सहभागी झाली, तीही याच नियमांनी. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या अपाचे प्रतिष्ठानात सभासदत्व व्यक्तीला मिळते, कंपनीला नाही. सावड आणि इर्जिक जाणणाऱ्या ग्रामीण महाराष्ट्राला हा व्यवहार परका वाटू नये. ज्याने दुसऱ्याच्या शेतात घाम गाळला, त्याच्याच शेतात गाव उतरते.

तथापि, या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये अपाचे प्रतिष्ठानाच्याच 'लॉगफोरजे' या छोट्या घटकात गंभीर दोष उघड झाला. जगभरातील बँका, सरकारे, मोठमोठ्या कंपन्या तो वापरत होत्या; त्याची देखभाल मात्र मूठभर स्वयंसेवक आपले पोटापाण्याचे काम सांभाळून करत होते. रात्रीचा दिवस करून त्यांनीच दुरुस्त्या दिल्या. ज्यांनी त्या घटकावर धंदा उभारला, त्यांतील बहुतेकांनी तोवर त्याची विचारपूसही केली नव्हती. फुकट मिळते म्हणून ओरबाडायचे आणि बिघडले की बोल लावायचा, ही वृत्ती विहीर असो वा आज्ञावली, दोन्ही आटवते.

महाराष्ट्रात या क्षेत्राची दारे बंद नाहीत. मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प लिनक्स, लिबरऑफिस यांसारख्या मुक्त आज्ञावलींचे धडे मराठीतूनही विनामूल्य देतो. पुण्यात रेड हॅट कंपनीतील मंडळींनी 'लोहित' हा मुक्त देवनागरी फाँट जोपासला. शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्याला हे सारे वापरता येईलच. पण त्याने तेवढ्यावर समाधान मानू नये. एखादा दोष आढळला तर तो नीट लिहून कळवावा, एखादे पान मराठीत आणावे, जमेल तेव्हा एक ओळ दुरुस्त करावी. तेथे पदवी वा पत्ता विचारला जात नाही, काम पाहिले जाते. आणि ज्याचे काम दिसते, त्याचे म्हणणे पुढच्या निर्णयात ऐकले जाते.