निकाल हातात, पगार तहसिलीत
(नांदेड येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



उस्मानशाही मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे कशी गेली आणि बंद कशी पडली, हे नांदेडकरांना मी सांगायला नको. मला एकच सांगायचं आहे. थकलेल्या पगाराची लढाई निकाल हातात आल्यावर तहसील कचेरीत अडते.

कायदा थोडक्यात सांगतो. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 33सी(2) खाली कामगार न्यायालय येणं रक्कम ठरवून द्यायचं. मग वसुलीचा दाखला, म्हणजे आरआरसी, जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचा आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी व्हायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. आता दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि पगार दिला हे मालकानं सिद्ध करायचं आहे. चांगलं झालं. पण वसुलीचं काय?

लातूरकडच्या एका बंद साखर कारखान्यातला पॅनमन माझा अशील होता. पॅनमन म्हणजे साखरेचा दाणा धरणारा कारागीर. कारखान्याच्या वकिलांनी विचारलं, "तू कामावर होतास कशावरून?" त्यानं पिशवीतून वह्या काढल्या. प्रत्येक पाळी, पॅनचा नंबर, पॅन उतरवल्याची वेळ आणि पुढे केमिस्टची सही. पगार थकला, बिगरहंगामाचा रिटेन्शन भत्ता थकला, तरी वही चुकली नव्हती. दावा जिंकला, दाखलाही निघाला. तलाठ्यानं सातबारा पुढे केला. इतर हक्कांत बँकेचा बोजा! फाईल तिथंच राहिली आणि त्याची बायको ऊसतोडीला जाऊ लागली.

(मागून आवाज : "बँकेत पैसा लोकांचाच असतो!")

असतोच. बँक बुडावी असं मी म्हणत नाही. पण 2009 साली महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भविष्य निर्वाह निधीचं देणं बँकेच्या हक्काआधी येतं. मग पगारानं शेवटी का उभं राहायचं?

उसाच्या एफआरपीला, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराला, 14 दिवसांची मुदत आहे, त्यानंतर 15 टक्के व्याज, मग साखर आयुक्तांची आरआरसी. ती थकली की ऊसपट्टा रस्त्यावर येतो. जिल्हाधिकारी तेच, वसुलीची रीत तीच. कामगाराच्या दाखल्यासाठी मात्र कोणी उठत नाही.

("शेतकऱ्याला तरी कुठं वेळेवर मिळतंय?" हशा.)

खरं आहे, म्हणूनच दोघांनी एकत्र गेलं पाहिजे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. कंत्राटी कामगारांचा विषय राहिला, त्याला वेगळी संध्याकाळ लागेल. जाता जाता एक मागणी करतो. नांदेड आणि लातूरच्या प्रत्येक तहसील कचेरीत कामगारांच्या आरआरसीची स्वतंत्र नोंदवही असावी आणि कोणाची किती वसुली झाली, हे दर महिन्याला फलकावर लागावं. या सभागृहातल्या वकिलांनी, संघटनांच्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी निवेदन तयार करावं. पहिली सही मी करतो.