आपल्या घरची बोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोला असे मला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाऐवजी पन्नास पानांचा स्वयंपाक सांगितला असता तर मी आनंदाने पदर खोचला असता. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "गेल्या फेब्रुवारीत आपण गाणे बसवले ना, त्याचेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

ते गाणे म्हणजे 'मराठी अभिमानगीत'. आता ते शाळाशाळांतून म्हणतात, म्हणून आपल्याला वाटते की ते पूर्वापार चालतच आले आहे. पण त्याच्या मागे किती खटाटोप झाला, हे मला बसवताना कळले.

गीताचे शब्द कविवर्य सुरेश भट यांचे. ते आपल्या वऱ्हाडचे. १५ एप्रिल १९३२ रोजी त्यांचा जन्म अमरावतीला झाला. लहानपणीच पोलिओने एक पाय अधू झाला. आईला कवितांची आवड होती, ती मुलाला लागली. १९६१ साली त्यांचे 'रूपगंधा' आणि १९७४ साली 'रंग माझा वेगळा' हे पुस्तक निघाले. मराठीत गझल रुजवली ती त्यांनी. नव्याने लिहिणाऱ्या मुलांना गझलेचे नियम कळावेत म्हणून 'गझलेची बाराखडी' लिहून ते पाठवीत असत. आपल्याला आलेली विद्या अशी वाटून टाकायला मन मोठे लागते. १४ मार्च २००३ रोजी नागपूरला ते वारले.

या कवितेला चाल लावली कौशल इनामदार या मुंबईच्या तरुण संगीतकारांनी. त्यांनी ही हकीकत अनेक ठिकाणी सांगितली आहे. मुंबईत राहून एका खासगी रेडिओ केंद्रावर मराठी गाणी का लागत नाहीत, असे त्यांनी विचारले. तेव्हा, मराठी गाणी लावली तर केंद्र हलक्या दर्जाचे वाटेल, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. दुसरा कोणी चार दिवस चरफडला असता आणि विसरला असता. यांनी ठरवले की, मराठीतले एक गाणे असे भव्य करायचे की कोणी त्याला हलके म्हणू धजणार नाही.

पण भव्य करायचे म्हणजे पैसा आला. तो त्यांनी लोकांकडूनच गोळा केला, थोडा थोडा, आपण गणपतीची वर्गणी जमवतो तसा. आणि गायक किती घेतले? शंभराहून अधिक नामवंत गायक-गायिका आणि शिवाय साडेतीनशेहून अधिक समूहगायक! हरिहरन, शंकर महादेवन यांसारखे मूळचे मराठी नसलेले गायकसुद्धा त्यात आहेत. गाण्यात असा प्रयोग मराठीत पूर्वी झाला नव्हता. एक ओळ एकाच्या गळ्यात, दुसरी दुसऱ्याच्या, आणि मग सगळ्यांचा मिळून एक आवाज. २७ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आपल्या मराठी दिनाला, ते प्रकाशित झाले. भटांना जाऊन तेव्हा सात वर्षे होत आली होती.

लोकांनी ते डोक्यावर घेतले. कोणी असेही म्हणाले की, एक दिवस अभिमानाचे गाणे गायचे आणि दुसऱ्या दिवशी मुलांना मराठीत बोलू द्यायचे नाही, याला काय अर्थ? मला विचाराल तर हे म्हणणे खोटे नाही. कारण हेच माझ्या घरात घडत होते.

भगिनींनो, माझे माहेर मोर्शी तालुक्यातले. लग्न होऊन अकोल्याला आले. घरात आम्ही वऱ्हाडी बोलतो. धाकटी मुलगी सहावीत असताना तिच्या शाळेत पालकांची सभा होती. यांना सुटी नव्हती, म्हणून मी गेले. बाईंनी विचारले, तेव्हा मी सरळ सांगितले, "पोरगी अभ्यास करून राह्यली, बाई; पण मलेच वेय भेटत नाही तिच्याजोळ बसाले." मागच्या बाकावर दोघी-तिघी हसल्या. बाईंनाही हसू आवरले नाही. मी गप्प बसले. घरी येताना रिक्षात मुलगी रस्त्याकडे तोंड करून बसली होती. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "आई, पुढच्या वेळी बाबांना पाठव."

त्यानंतर मी चार लोकांत बोलणे सोडले. इथे मंडळातसुद्धा मी भांडी आवरायला पुढे आणि बोलायला मागे, हे तुम्ही पाहिलेच आहे. माझीच बोली मला जड झाली.

गेल्या वर्षी हे गाणे बसवायचे ठरले. दुपारची कामे आटोपून आपण चौदाजणी रोज देवळाच्या ओसरीवर जमत होतो. पेटीचा सूर कोणाला उंच पडे, कोणाला खाली. मूळ गाण्याप्रमाणे प्रत्येकीला एक ओळ द्यायची ठरली. माझ्या ओळीची वेळ आली तेव्हा एकीने हळूच सुचवले की, हिची ओळ उच्चार स्वच्छ असलेल्या कोणाला तरी द्यावी. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मीही लगेच "देऊन टाका" म्हणाले. पण आपल्या वडील काकूंनी पेटी थांबवली आणि म्हणाल्या, "गाणे अमरावतीच्या माणसाचे, आणि अमरावतीकडच्या बाईलाच त्यात जागा नाही काय?" ओळ माझ्याकडेच राहिली. काकू, तुमचे ते उपकार मी विसरले नाही.

रात्री स्वयंपाकघरात मी ओळ घोकत होते, तेव्हा मुलगी येऊन उभी राहिली. मी तिला सगळी कविता वाचायला सांगितली. शेवटच्या कडव्याशी ती थांबली. भटांनी तिथे नुसता अभिमान सांगितलेला नाही. घरच्या घरीच मराठीची कशी आबाळ होते, तेही बजावले आहे. ती काही बोलली नाही. मग विचारले, "हे खरेच अमरावतीचे होते?" मी म्हटले, होय. आणि माझ्या माहेराजवळ रिद्धपूर आहे, तिथे महानुभावांनी सातशे वर्षांपूर्वी मराठीत ग्रंथ लिहिले. 'लीळाचरित्र' त्यातलेच. मराठीतली पहिली कवयित्री मानतात ती महदंबाही तिथलीच मंडळी. आता तर रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. ज्या मातीत ग्रंथ झाले, त्या मातीतली बोली गावंढळ कशी?

पुढच्या पालकसभेला मीच गेले. निघताना मुलगी म्हणाली, "आई, तूच चल. पण जरा हळू बोल हं!" एवढ्यावर मी समाधानी आहे. एका दिवसात सगळे बदलत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. आनंदाची गोष्ट आहे. पण तो दर्जा दिल्लीहून येऊन आपल्या चुलीपर्यंत आपोआप पोचत नाही. तो आपण आणायचा. माझे आपल्या मंडळाला एवढेच सांगणे आहे की, ज्या बहिणीला शुद्ध बोलता येत नाही, तिला आधी बोलू द्यावे. उच्चार मग सुधारले तर सुधारतील. चारशेहून अधिक गळ्यांचे गाणे होऊ शकते, तर आपल्या मंडळात चार तऱ्हेच्या बोली का नांदू नयेत?

आज मी लिहून आणलेले वाचले, म्हणून ते पुस्तकी झाले. शेवटचे मात्र माझ्या बोलीत सांगतो : बायांनो, तुमी मले बोलू देलं, लय बरं वाटलं.