देहातील घड्याळ आणि आपला चौविहार
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



रात्रिभोजनत्याग आणि विज्ञान या विषयावर मी बोलावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी बी.कॉम. झालेला कापडव्यापारी, प्राणिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि वाचनात आलेल्या एका शास्त्रज्ञाची हकिकत आपणांसमोर ठेवावी, असे मनापासून वाटते.

आपल्या धानोऱ्यात मोह वेचणाऱ्या बाया तांबडे फुटण्यापूर्वी टोपल्या घेऊन रानात निघतात, कारण मोहाची फुले पहाटे गळतात. चिंचेची पाने सायंकाळी मिटतात. झाडांना वेळ कोण सांगतो? इ.स. १७२९ मध्ये फ्रान्समधील द मेराँ यांनी लाजाळूसारखी एक वनस्पती अंधारात ठेवली. तरीही तिची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे घड्याळ सजीवाच्या आतच असते.

या आतल्या घड्याळाचे आपल्या देशातील थोर अभ्यासक म्हणजे डॉ. मारोली कृष्णय्या चंद्रशेखरन (१९३७–२००९). जर्मनीतील ट्युबिंगेन येथे त्यांनी फळमाशीवर काम केले आणि पुढे मदुराई कामराज विद्यापीठात आपली प्रयोगशाळा उभी केली. विद्यापीठापासून जवळच कीळकुयिलकुडी गावी वटवाघळांची एक गुहा आहे. या गावाला लागून जी टेकडी आहे, तिचे नाव समणर मलै, म्हणजे श्रमणांची टेकडी. तेथील खडकांत नवव्या-दहाव्या शतकातील तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. हे वाचताना मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले.

डॉ. चंद्रशेखरन, डॉ. मारिमुत्तू आणि त्यांच्या सहकाऱ्याने गुहेतील गर्द अंधारात वटवाघूळ एकेकटे पिंजऱ्यात ठेवले. बाहेर सूर्य मावळल्याचे त्याला दिसणे शक्यच नव्हते. तरीही मोकळा थवा ज्या वेळी गुहेबाहेर पडे, त्याच सुमारास पिंजऱ्यातील जीवाची हालचाल सुरू होई, आणि हे दिवसामागून दिवस घडे. मात्र जिथे मोकळी वटवाघळे नव्हती अशा गुहेत ठेवलेल्या वटवाघळाची वेळ दररोज थोडीथोडी सरकत गेली. घड्याळ त्याच्यापाशी होतेच. ते जुळवून घ्यायला ज्ञातीचा सहवास लागत होता. हे संशोधन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी माणसांनाही घड्याळ व सूर्यप्रकाशाविना एकांतात ठेवून त्यांच्या झोप-जागृतीच्या नोंदी घेतल्या.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले. अहमदनगर महाविद्यालयात डॉ. दिलीप जोशी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हिमालयातील उंच प्रदेशातील फळमाशी कोषातून केव्हा बाहेर पडते, याचा अभ्यास केला. फळमाशीतील याच घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले, हे आपण वृत्तपत्रांत वाचले असेलच.

आता आहाराविषयी. अमेरिकेतील साल्क संस्थेत डॉ. सच्चिदानंद पांडा, जे मूळचे ओडिशाचे, यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये उंदरांच्या दोन गटांना सारखाच स्निग्ध आहार दिला. एका गटाला तो अष्टौप्रहर मोकळा होता, दुसऱ्याला केवळ आठ तास. दोन्ही गटांनी जवळपास सारखेच खाल्ले, परंतु आठ तासवाल्यांना लठ्ठपणा फारसा जडला नाही. हा प्रयोग सांगून आपले वक्ते टाळ्या घेतात. उंदीर निशाचर आहे आणि ते आठ तास रात्रीचे होते, एवढे मात्र सांगायचे राहून जाते!

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, विज्ञानाने आपला धर्म सिद्ध केला, असे म्हणू नये. आपला चौविहार अहिंसेसाठी आहे. दिवसा जेवल्याने प्रकृतीला लाभ होत असेल तर आनंदच. परंतु उद्या एखाद्या प्रयोगाचा निष्कर्ष उलटा आला, तर आपण व्रत सोडणार काय? मालाचा पोत आपल्याला ठाऊक असता दुसऱ्याच्या शिक्क्यावर तो कशाला विकावा?

मला त्या गुहेतील वटवाघूळ अधिक शिकवून गेले. वटवाघळावरून मनुष्याचा निष्कर्ष काढणे शास्त्रीय नव्हे, हे मी जाणतो. पण लगनसराईत रात्री नऊपर्यंत दुकान चालवून माझाच चौविहार कित्येक वर्षे मोडला, आणि घरी एकट्याने तो पाळू पाहणाऱ्या माझ्या मुलाचाही मोडला. आम्ही दोघेही श्रद्धेत कमी पडलो, असे मला वाटत नाही.

यास्तव विश्वस्त मंडळास विनंती आहे की, येत्या पर्युषणात स्थानकात सायंकाळी पाच वाजता सामुदायिक भोजनाची व्यवस्था करावी आणि आपल्या समाजातील दुकाने त्या दिवसांत साडेचारला बंद ठेवण्याचा ठराव करावा. भोजनखर्चातील पहिल्या दिवसाचा भार माझ्याकडे. माझ्या दुकानाचे शटर साडेचारला खाली आलेले आपणांस दिसेल.

जय जिनेंद्र.