माहेरच्या वाटेवरची पहिली मोटार



मोटारीचा इतिहास सांगू लागले की बहुधा अश्वशक्ती, वेग आणि शोधकांची नावे यांपासून प्रारंभ होतो. प्रत्यक्षात त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान उघडले ते एका माहेरवाशिणीने. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात, शाळांना सुट्या असताना, जर्मनीतील मानहाइम शहरातून एक एकोणचाळीस वर्षांची स्त्री आपल्या दोन मुलांना घेऊन पहाटेच माहेरी निघाली. पतीला तिने काही सांगितले नव्हते. वाहन होते पतीनेच तयार केलेली तीनचाकी मोटार. जाण्याचे गाव होते सुमारे एकशे चार किलोमीटर दूर असलेले फोर्त्सहाइम. त्यापूर्वी मोटारीने एवढे अंतर जगात कोणीही कापलेले नव्हते. त्या स्त्रीचे नाव बर्था बेंझ.

ज्या वाटेने ती गेली, ती वाट आज सूचनाफलक लावून जतन केलेली आहे. मानहाइमहून फोर्त्सहाइमला जाणारा आणि दुसऱ्या मार्गाने परत येणारा हा १९४ किलोमीटरचा स्मृतिमार्ग २००८ मध्ये प्रवाशांसाठी अधिकृतपणे खुला झाला. तेथून पुढे झिंडेलफिंगेनचा मोटार कारखाना आणि स्टुटगार्टचे संग्रहालय अवघ्या तासाभराच्या अंतरावर आहेत. दोन-तीन दिवसांच्या या प्रवासात एका उद्योगाचा जन्म, त्याचे यौवन, त्याचे पातक आणि त्याची आजची अवस्था असे सारे काही पाहावयास मिळते. म्हणूनच या वाटेचे चिंतन केवळ पर्यटनाचा विषय राहत नाही.

हुंड्याच्या पैशातून उभी राहिलेली कार्यशाळा

कार्ल बेंझ हा आगगाडीच्या इंजिनचालकाचा मुलगा. वडील लहानपणीच वारले आणि आईने अत्यंत हलाखीत त्याला शिकविले. १८७१ मध्ये त्याने मानहाइमला भागीदारीत कार्यशाळा काढली. पण भागीदार बेभरवशाचा निघाला. त्या वेळी बर्थाशी त्याचा केवळ वाङ्‌निश्चय झालेला होता. तिने आपल्या हुंड्याची रक्कम विवाहापूर्वीच वडिलांकडून मागून घेतली, भागीदाराचा वाटा विकत घेववला आणि कार्यशाळा वाचविली. पुढच्या वर्षी विवाह झाला. त्यानंतरची कित्येक वर्षे अक्षरशः ओढगस्तीची गेली. १८७९ च्या अखेरच्या रात्री, वर्ष संपता संपता, दोघे पतिपत्नी कार्यशाळेत गेली आणि अनेक महिने हटून बसलेले दोन-स्ट्रोक इंजिन त्या रात्री प्रथमच एका लयीत चालू लागले.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने तीनचाकी मोटारीसाठी पेटंटचा अर्ज केला. पेटंट क्रमांक ३७४३५. या कागदपत्रांना २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले. त्यावर नाव एकट्या कार्लचे आहे. ज्या पैशावर कार्यशाळा तगली त्या पैशाचा, किंवा ज्या धीरावर शोधक तगला त्या धीराचा उल्लेख कोणत्याही पेटंटात होत नसतो.

शोध लागला, पण गिऱ्हाईक मिळेना. घोड्यावाचून धावणाऱ्या या गाडीकडे लोक कुतूहलाने पाहत, घाबरत, हसत. विकत मात्र कोणी घेत नसे. कार्लचा स्वभाव अतिशय चिकित्सक. गाडी अद्याप परिपूर्ण झालेली नाही, असे म्हणून तो ती शहराबाहेर नेण्यास कचरत असे. बर्थाच्या ध्यानात आले की आता उणीव यंत्राची नसून विश्वासाची आहे. आणि विश्वास जाहिरातीने निर्माण होत नाही. कोणीतरी आपला जीव त्या यंत्रावर सोपवून दाखवावा लागतो.

एकशे चार किलोमीटर

पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि त्याच्याहून धाकटा रिशार्ड यांना घेऊन ती निघाली. लाडेनबुर्ग, हायडेलबर्ग, वीस्लोख असा तिचा मार्ग. रस्ते बैलगाड्या-घोडागाड्यांचे, खडबडीत. मोटारीला स्वतंत्र इंधनटाकी नव्हती. कार्ब्युरेटरमध्ये मावेल तेवढेच, म्हणजे सुमारे साडेचार लिटर इंधन. वीस्लोखला पोहोचेपर्यंत ते संपत आले. पेट्रोल पंप ही कल्पनाच त्या वेळी नव्हती. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी वापरले जाणारे लिग्रॉइन नावाचे द्रव्य औषधाच्या दुकानात मिळत असे. बर्थाने तेथील औषधविक्रेत्याकडून ते विकत घेतले. ते औषधालय आज जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखले जाते आणि त्याच्यासमोर या प्रसंगाचे स्मारक उभे आहे.

पुढची प्रत्येक अडचण तिने हाताशी असेल त्या वस्तूने सोडविली. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीला लावायच्या लांब पिनेने मोकळी केली. प्रज्वलनाच्या तारेवरचे आवरण झिजले, तेथे मोज्याचा बंद गुंडाळला. साखळी ताणली गेली, ती ब्रुखझालच्या लोहाराकडून नीट करून घेतली. इंजिन थंड ठेवण्याचे पाणी सतत उकळून उडून जाई. ते विहिरी आणि ओढ्यांवर थांबून पुन्हा पुन्हा भरले. चढावर गाडी दम टाकी तेव्हा मुलांनी मागून ढकलले. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने बाउश्लोट गावच्या चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकला अस्तर लावण्याची पद्धत या कातड्यापासून सुरू झाली, असे मानले जाते.

तिन्हीसांजेला ती फोर्त्सहाइमला पोहोचली आणि सुखरूप आल्याची तार पतीला केली. काही दिवसांनी ती त्याच मोटारीने परतली. प्रवासात काय खटकले, हे तिने नेमके सांगितले आणि चढासाठी आणखी एका गिअरची भर पडली. त्याच वर्षी म्यूनिकच्या प्रदर्शनात या मोटारीला सुवर्णपदक मिळाले. शतक संपता संपता बेंझ कंपनी जगातील सर्वांत मोठी मोटार उत्पादक कंपनी झालेली होती.

या कथेत लोहार आहे, चांभार आहे, औषधविक्रेता आहे. नव्या युगाचे यंत्र जुन्या गावगाड्याच्या कारागिरांनी मुक्कामाला पोहोचविले. कोणतेही तंत्रज्ञान आकाशातून पडत नाही. ज्या समाजाच्या हातात कौशल्य असते, तेथेच ते रुजते.

ग्रामीण कोपऱ्यातले संग्रहालय

मानहाइमपासून जवळच असलेले लाडेनबुर्ग हे रोमन काळापासूनचे टुमदार गाव. वृद्धपणी बेंझ दांपत्य येथे राहिले. कार्ल १९२९ मध्ये येथेच निवर्तला. त्याने मुलांसह काढलेल्या कारखान्याच्या जुन्या विटांच्या इमारतीत आज कार्ल बेंझ मोटार संग्रहालय आहे. येथे झगमगाट नाही. जेथे गाड्या तयार झाल्या, त्याच छताखाली त्या उभ्या आहेत. कारखान्याची भिंत हीच येथील सर्वांत मोठी प्रदर्शनीय वस्तू, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

बर्था पतीनंतर पंधरा वर्षे जगली. ३ मे १९४४ रोजी, पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्लस्रूहच्या तंत्रविद्यापीठाने तिला सन्माननीय सिनेटर ही पदवी दिली. ज्या संस्थेत तिच्या पिढीच्या स्त्रियांना शिकण्यास प्रवेश नव्हता, त्या संस्थेचा हा सन्मान. दोनच दिवसांनी ती गेली. त्यानंतर वर्षही पुरते उलटले नव्हते, तोच २३ फेब्रुवारी १९४५ रोजी बाँबवर्षावात तिचे माहेर फोर्त्सहाइम जळून भस्मसात झाले; सतरा हजारांहून अधिक माणसे त्या एका रात्री मेली. आजचा प्रवासी तेथे पोहोचतो तेव्हा बर्थाने पाहिलेले गाव त्याला फारसे दिसत नाही.

कारखान्यातले लग्न

फोर्त्सहाइमहून पुढे झिंडेलफिंगेन लागते. १९१५ मध्ये विमाने व त्यांची इंजिने यांसाठी सुरू झालेला येथील कारखाना पुढे मोटारींकडे वळला. गावाचे वैभव कारखान्याच्या करावर पोसलेले. इतके की येथील काही रस्त्यांवरचे पादचारी पट्टे इटलीच्या पांढऱ्या संगमरवराचे आहेत.

कारखान्याचा क्रम पाहण्यासारखा असतो. पोलादी पत्र्याला प्रचंड दाबयंत्रे आकार देतात. यंत्रमानवांचे हात ठिणग्या उडवीत ते भाग सांधतात. मग रंगकाम आणि शेवटी जुळणी. वरून रंगविलेला सांगाडा येतो, खालून इंजिन व चाकांची चौकट येते आणि दोन्ही एकमेकांत बसतात. जर्मन कामगार या टप्प्याला ‘लग्न’ म्हणतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘फॅक्टरी ५६’ या विभागात जुळणीच्या बऱ्याच भागात जमिनीत जखडलेला सरकता पट्टाही नाही. चालकविरहित वाहने मोटारीला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतात.

याच गावी १९५९ मध्ये या कंपनीने मोटार मुद्दाम अडथळ्यावर आदळून पहिली चाचणी घेतली. गाडीचा पुढचा-मागचा भाग चुरगळला पाहिजे आणि मधला भाग अभंग राहिला पाहिजे, हा बेला बारेनी या अभियंत्याचा विचार. स्वतः चुरडून घेऊन आतल्या माणसाला वाचविणारे यंत्र ही कल्पना त्या काळी विपरीत वाटे. आज तिच्यावाचून मोटारीचा आराखडा होत नाही.

गौरव आणि पातक एकाच छताखाली

प्रवासाची सांगता स्टुटगार्टच्या उंटरट्युर्कहाइम भागातील संग्रहालयात होते. २००६ मध्ये खुल्या झालेल्या या नऊ मजली वास्तूत १६,५०० चौरस मीटर जागेवर सुमारे १६० वाहने आहेत. उद्वाहक प्रवाशाला प्रथम थेट माथ्यावर नेतो आणि तेथे समोर उभा असतो, मोटार नव्हे, तर घोडा! तेथून दोन वळणदार वाटा एकमेकींना छेदत खाली उतरतात. प्रारंभीच बेंझची तीनचाकी आणि डाइम्लरची मोटारगाडी. गोट्लिब डाइम्लर आणि त्याचा सहकारी मायबाख कानश्टाटच्या बागेतील काचघरात इतके गुपचूप काम करीत, की ते खोटी नाणी पाडतात, असा संशय येऊन पोलिसांनी तपास केला होता. अवघ्या शंभर किलोमीटरवर राहणारे डाइम्लर आणि बेंझ एकमेकांना कधी भेटल्याची नोंद नाही; त्यांच्या कंपन्या मात्र १९२६ मध्ये एक झाल्या.

मजले उतरत दुसऱ्या महायुद्धाच्या काळाशी आले की शर्यतीच्या चंदेरी गाड्यांबरोबरच आणखी एक गोष्ट सांगितली जाते. १९४४ मध्ये या कंपनीत ६३,६१० माणसे राबत होती आणि त्यांतील जवळजवळ निम्मे वेठीला धरलेले परदेशी मजूर, युद्धकैदी वा छळछावणीतील बंदी होते. कंपनीने १९८० च्या दशकात स्वतःच्या या इतिहासाचा शोध घेण्यास इतिहासकारांना अनुमती दिली आणि १९८८ मध्ये दोन कोटी मार्क भरपाईदाखल दिले. हे उशिरा घडले, हे खरेच. तथापि गिऱ्हाइकांना जेथे आमंत्रण आहे, त्याच दालनांत हे पातक मांडलेले आहे. स्वतःचा पराक्रम सांगणारी संग्रहालये पुष्कळ असतात. स्वतःचा अपराध सांगण्यास अधिक बळ लागते.

महाराष्ट्राच्या दारी

या इतिहासाचा एक धागा भारतात येतो. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला मालमोटारी तयार करण्यास प्रारंभ केला. १९६९ मध्ये तो करार संपला, तेव्हा गाडी स्वबळावर काढण्याइतके कौशल्य भारतीय हातांत आलेले होते. यामागे सुमंत मुळगावकर या मराठी अभियंत्याची दृष्टी होती. पुण्याचा कारखानाही त्यांच्याच कर्तृत्वाची खूण. त्याच पुण्याच्या परिसरात १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी आली आणि पुढे तिने चाकणला कारखाना उभारला.

तत्पूर्वीच, १९४४ मध्ये, वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पद्मिनीने मुंबईच्या कित्येक पिढ्या वाहून नेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली, छायाचित्रे छापली आणि विषय संपला. लाडेनबुर्गसारख्या लहान गावाने जुन्या विटांची एक इमारत जपली. कुर्ल्यात त्या पद्मिनीसाठी, ती जोडणाऱ्या हजारो कामगारांसाठी असे काय जपले गेले?

लोखंडी नांगराने जमीन नासेल, या समजुतीशी झुंजत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरविला आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्या माळावर संसार थाटणाऱ्या, भट्टीच्या धगीशेजारी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांची कथा बर्थापेक्षा उणी नाही. ती सांगणाऱ्या पिढ्या एकेक करून मावळत आहेत. आराखडे, हजेरीपुस्तके, हत्यारे, जुन्या कामगारांच्या आठवणी हे सारे रद्दीत आणि भंगारात जाण्यास एक आवरासावर पुरेशी असते.

स्मृतिमार्ग उभारण्यास अब्जावधी रुपये लागत नाहीत. वाटेवर काही फलक, एका औषधालयापुढे एक शिल्प, एक जुनी भिंत आणि ती न पाडण्याचा निश्चय, एवढ्यावर जर्मनीतील ती वाट उभी आहे. बर्था निघाली तेव्हा ती इतिहास घडविण्यासाठी निघालेली नव्हती. पतीच्या कष्टांवर जगाचा विश्वास बसावा, म्हणून निघाली होती. तिच्यामागून लोकांनी ती वाट जपली, म्हणून तिचा इतिहास झाला. महाराष्ट्रातील अशा वाटा अद्याप पुरत्या बुजलेल्या नाहीत. त्या जाणणारी माणसे आहेत, तोवर त्यांच्याकडे जाऊन बसावे, ऐकावे आणि लिहून ठेवावे. हे काम कोणत्याही शासनाच्या आदेशाची वाट न पाहता करता येण्याजोगे आहे.