भुकेची साक्ष



आपल्याकडे पाहुणा आला, कीं "चहा टाकूं ना?" हा आपला पहिला प्रश्न असतो. "भूक आहे का?" असें सहसा कोणी विचारीत नाहीं. आयुर्वेदाचा आहारविचार मात्र नेमका या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो. आज त्याविषयींच दोन शब्द सांगावयाचे आहेत.

पुणेकरांना हा विषय परका नाहीं. वाग्भटाचा 'अष्टांगहृदय' हा ग्रंथ डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनीं 'सार्थ वाग्भट' या नांवानें मराठींत आणला, तेव्हां संस्कृत न येणाऱ्या गृहस्थासही तो वाचतां येऊं लागला. पुढें १९३३ सालीं येथें टिळक आयुर्वेद महाविद्यालयही निघालें. या ग्रंथाच्या सूत्रस्थानांत दिनचर्या व ऋतुचर्या यांना एकेक अध्याय दिलेला असून आठवा अध्याय आहाराच्या मात्रेचा आहे. त्यांत पोटाचे चार भाग कल्पिले आहेत: दोन भाग अन्नाला, एक भाग पातळ पदार्थांना आणि चौथा भाग वायूच्या संचारासाठीं मोकळा.

परंतु किती खावें याच्या आधीं केव्हां खावें हें ठरलें पाहिजे. पहिलें अन्न जिरण्यापूर्वीं पुन्हां खाणें यास शास्त्रांत 'अध्यशन' असें नांव असून तें अपायकारक मानिलें आहे. मी आयुष्यभर मुलांना शिकविलें. म्हणून माझ्या परीनें सांगतों, कीं पाटी पुसल्यावांचून तिच्यावर नवा धडा लिहिला, तर दोन्ही धडे वाचतां येत नाहींत. पाटी पुसली गेल्याच्या खुणाही शास्त्रानें दिल्या आहेत. ढेकर शुद्ध येते, अंग हलकें वाटतें, मलमूत्राचे वेग नीट होतात, मनाला उत्साह वाटतो, आणि मग खरी भूक व तहान लागते.

आतां आपल्या घरांतील एक दिवस पाहा. सकाळीं चहा-बिस्किटें, नऊ वाजतां पोहे, दुपारीं जेवण, पांच वाजतां पुन्हां चहा आणि जोडीला चकली. रात्रीं उशिरां, एक डोळा मोबाईलवर ठेवून, भाजी-पोळी! यांत कोणताही पदार्थ वाईट नाहीं. मात्र पाटी पुसावयास कोठें सवड मिळाली?

पावसाळ्यांत जठराग्नि मंद होतो, असें ऋतुचर्या सांगते. आपला चातुर्मास त्याच दिवसांत येतो, आणि उपवासाचे दिवसही त्यांत पुष्कळ असतात. योजना उत्तम, पण 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण कांहीं उगीच पडली नाहीं. खिचडींतील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, हीं चारही मूळचीं अमेरिका खंडांतलीं; वाग्भटाला तीं ठाऊक असणेंच शक्य नव्हतें. खिचडी खाण्यांत अधर्म नाहीं. परंतु मंद अग्नीवर जड अन्नाचा भार घालणें याला लंघन म्हणतां येणार नाहीं.

लंघन सर्वांसाठीं नाहीं, हेंही ध्यानांत असावें. बालक, वृद्ध, गर्भिणी व दुर्बळ यांना शास्त्रानेंही त्यांतून वगळलें आहे. आणि मधुमेहाचें औषध घेणाऱ्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून जेवण चुकवूं नये.

शेवटीं गृहिणींना एक विनंति. पंगतींतला आग्रह ही आपली प्रेमाची रीत आहे. परंतु मूल "पुरे" म्हणालें, कीं तें त्याच्या पोटाची साक्ष देत असतें. "आणखी एकच घास" असें रोज म्हणून ती साक्ष आपण खोटी ठरविली, तर मोठेपणीं त्या मुलाला स्वतःची भूक ओळखतां येणार नाहीं. आठ दिवस एवढेंच करून पाहावें: वाढण्यापूर्वीं घड्याळाकडे पाहतां, तसें भुकेलाही विचारावें. या वैद्याला फी द्यावी लागत नाहीं, आणि तो राहतो आपल्याच घरीं.